इमोजींचा विग्रह: जोडीने आलेली चित्रं कशी वाचायची

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कवटी आली. एक नव्हे, दोन कवट्या आणि त्यांच्या पाठोपाठ ढसाढसा रडणारा चेहरा: 💀💀😭. झालं होतं एवढंच, की घुमट आरती रंगात आली असताना आमचे थोरले मामा शामेळ हे तालवाद्य बडवता बडवता असे काही डुलले की त्यांचा चष्मा उडून थेट निरांजनाच्या ताटात पडला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि रजा न मिळाल्यामुळे बेंगळुरूतच अडकलेल्या माझ्या भाचीने त्याखाली ही तीन चित्रं चिकटवली. पाच मिनिटांत मामीचा फोन: "कोण गेलं गो? चवथीच्या दिवशी हे काय अभद्र?"

कोणी गेलं नव्हतं. भाची हसून मेली होती. गंमत म्हणजे आपणही मराठीत हसूनच मरतो. "मेले गो हसून" हे फोंड्याच्या बाजारात रोज कानावर पडतं. फक्त आपण त्याचं चित्र काढत नाही, आणि तिच्या पिढीने ते काढलं.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. दहावीच्या मुलांकडून समासाचा विग्रह करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या दिवशी मामीला समजावताना लक्षात आलं की आपण फोनवर तेच करतोय. "नीळकंठ" म्हणजे निळा गळा नव्हे, निळा गळा ज्याचा आहे तो. तसंच 💀😭 म्हणजे मरण अधिक रडणं नव्हे. तेव्हापासून घरात कोणी अडलं की मी विग्रहच करायला लावते. तीच पद्धत इथे पायरीपायरीने देते. अर्थांची यादी देत नाही, कारण यादी सहा महिन्यांत शिळी होते.

पायरी पहिली: चित्रं अंगठ्याने झाका

आधी फक्त अक्षरं वाचा. इथे तीन शक्यता असतात.

अक्षरांतच निरोप पुरा होत असेल, तर चित्र म्हणजे स्वर. "उद्या आठला निघतो 🚗" यातली गाडी काढली तरी काही बिघडत नाही. असली चित्रं वाचण्यात डोकं घालवू नका.

चित्र काढल्यावर वाक्य लंगडं पडत असेल, तर ते चित्र शब्दच आहे. "संध्याकाळी 🐟 असला तर येते." इथे मासळीशिवाय निमंत्रणाला अर्थ नाही.

आणि अक्षरं एक सांगतात, चित्र दुसरंच. इथे थांबायचं. "खूपच छान केलंस 🙂" हे वाक्य माझ्या वयाच्या बाईने लिहिलं तर कौतुक. पंचविशीतल्या मुलीने लिहिलं तर बहुधा दातओठ खाऊन लिहिलेलं. उलटा चेहरा 🙃 असेल तर शंकाच नको, तो उपरोध. अक्षरं आणि चित्र भांडत असतील तेव्हा मी चित्राची बाजू घेते. बोलताना आपण शब्दांपेक्षा चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, तसंच.

पायरी दुसरी: चित्र कुठल्या गावचं, ते विचारा

गोव्यात एकच माणूस घरात कोंकणी बोलतो, मराठी वर्तमानपत्र वाचतो, ऑफिसात इंग्रजीत लिहितो आणि रात्री हिंदी रील बघतो. त्यामुळे एकाच चित्राला तीन-तीन गावं असतात. सगळ्यात मोठा घोळ 🚩 या झेंड्याचा.

जगभरच्या अक्षरांना आणि इमोजींना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या लेखी तो काठीवरचा एक त्रिकोणी झेंडा, बस्स. मराठी माणसाला तो भगवा दिसतो. शिवजयंती, वारी, गडावरचा फोटो: 🚩🙏, 🚩🏰. इंग्रजी वळणाच्या पोरांसाठी तो लाल झेंडा, म्हणजे धोक्याची खूण. "पहिल्याच भेटीत माझा फोन तपासायला मागितला 🚩🚩🚩" म्हणजे असल्या माणसापासून लांब पळा. आणि कळंगुट-बागा-पाळोळेच्या बाजूच्यांना तो किनाऱ्यावरचा खराखुरा लाल झेंडा: 🚩🌊, आज पाण्यात उतरू नका. माझ्या भाचीने मैत्रिणीच्या होऊ घातलेल्या नवऱ्याबद्दल स्टेटसला तीन झेंडे टाकले तेव्हा मामांनी खाली "जय शिवराय" असं उत्तर दिलं. मामांचं काही चुकलं नाही, त्यांनी आपल्या गावचा अर्थ लावला.

दुसरा घोळ बोकडाचा. आमच्या वाड्यावर फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. मेस्सीच्या फोटोखाली पोरं 🐐 टाकतात. आपल्याकडे "बकरा झाला" म्हणजे फसला आणि "बळीचा बकरा" तर त्याहून वाईट. पण इंग्रजीत "आजवरचा सर्वांत थोर" या शब्दांची आद्याक्षरं जुळवली की "गोट" होतं, म्हणून बोकड. जोडीतलं दुसरं चित्र बघितलं की गाव कळतं: 🐐👑 किंवा 🐐⚽ असेल तर मुजरा, 🐐🔪 असेल तर रविवारचं मटण.

तिसरा 👍. साठीच्या माणसाचं ते साधं "बरं". कॉलेजातल्या मुलीला तेच तुटक वाटतं, जणू दार आपटून बंद केलं. हा वाद मिटणारा नाही. मी मुलींना सांगते, वडीलधाऱ्यांचा अंगठा मनाला लावून घेऊ नका. आणि वडीलधाऱ्यांना सांगते, अंगठ्यापुढे एक शब्द लिहा. "बरं गो 👍" म्हटलं की काटा बोथट होतो.

😂 चंही तसंच. २०१५ साली ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी हे चित्रच वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. आज तरुण मुलं ते काकालोकांचं समजतात आणि हसायला 😭 किंवा 💀 वापरतात. म्हणजे रडणारा चेहरा दिसला की आधी बघायचं, कुठल्या पिढीचा आहे.

पायरी तिसरी: आता विग्रह करा

खरं काम इथे आहे. दोन किंवा तीन चित्रं शेजारी आली की त्यांचं नातं काय, ते ठरवायचं.

सगळ्यात सोपा द्वंद्व. आई-बाबा, मीठ-भाकर, तसं 🍚🐟: शीत-कोडी, आपलं रोजचं जेवण. दोन्ही चित्रं तितकीच महत्त्वाची, मध्ये "आणि" घाला की झालं. 🥖🚲 म्हणजे पोदेर, आपला पाववाला, आला. त्याचा पों-पों भोंगा हवा असेल तर 📯 जोडतात, ते चित्र खरं टपालाच्या शिंगाचं, पण आमच्या ग्रुपवर चालून जातं. 🌺🥥🥁 आलं की चवथ जवळ आली, 👹🔥🪔 आलं की नरकासुर जळाला आणि दिवाळीची पहाट झाली. 🌧️🌸👑 हे २४ जूनला दिसतं, सां जुआंव या सणाचं, डोक्यावर फुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारण्याचं. बाहेरच्या माणसाला ही जोडी पावसातली राणी वाटेल.

मग कर्मधारय. एक चित्र विशेषण, दुसरं नाम. 🔥📸 म्हणजे फोटोला आग लागली नाही, फोटो "जाळ" आहे. 🧡🐃 म्हणजे नारिंगी रेडा नव्हे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, एफसी गोवा या फुटबॉल संघाचं टोपणनाव "गौर्स" आणि रंग नारिंगी. जवळचं चित्र म्हणून कोणी रेडा लावला तर सामन्याच्या दिवशी तो गवाच समजायचा.

आणि बहुव्रीही. इथेच लोक घसरतात, कारण दोन्ही चित्रांचा अर्थ बाजूला पडतो आणि तिसराच माणूस किंवा तिसरीच अवस्था उभी राहते. लंबोदर म्हणजे पोट नव्हे, गणपती. 👀🍿 म्हणजे डोळे नव्हे, लाह्याही नव्हेत. ज्याने डोळे लावले आहेत आणि हातात लाह्या आहेत असा तो, म्हणजे दुसऱ्यांचं भांडण मजेत बघणारा. ग्रुपवर पंचायत निवडणुकीचा वाद पेटला की ही जोडी हमखास उगवते. 👁️👄👁️ म्हणजे थक्क होऊन, काहीच न सुचून बघत राहिलेला. 👉👈 म्हणजे दोन बोटं एकमेकांना टेकवून लाजत काहीतरी मागणारा: "मावशी, दोन हजार मिळतील काय 👉👈". नुसती टोपी 🧢 सुद्धा याच जातीची. इंग्रजी बोलीत "कॅप" म्हणजे थाप, म्हणून "पोहोचलोच पाच मिनिटांत 🧢" म्हणजे अजून अंघोळही झालेली नाही.

आपल्याकडचेही बहुव्रीही आहेत, आणि मला ते जास्त आवडतात. 🍋🌶️ म्हणजे लोणचं नव्हे. नव्या गाडीच्या फोटोखाली आलं तर लिंबू-मिरची, दृष्ट लागू नये म्हणून. परदेशी निळा डोळा 🧿 हेच काम करतो आणि हल्ली मुली दोन्ही एकत्र लावतात: 🧿🍋🌶️, म्हणजे दृष्टीची जागतिक व्यवस्था. 🤦🙏 हा तर अस्सल मराठी वाक्प्रचार, कोपरापासून नमस्कार. एकटा 🙏 नमस्कार, आभार, विनंती, श्रद्धांजली काहीही असू शकतो. जपानमध्येही तो "कृपया" आणि "आभारी आहे" असा दोन्हीकडे चालतो. पण त्याच्याआधी कपाळावर हात आला की अर्थ एकच: "तुमच्यापुढे आम्ही हरलो, आता पुरे."

शेवटी द्विरुक्ती. लाललाल, गारगार यांसारखी 😂😂😂. इथे मोजण्यासारखं काही नाही, तरी एक लक्षात ठेवा. एक हसू म्हणजे वाचलं, तीन म्हणजे खरंच हसलो, दहा म्हणजे उत्तर द्यायचं नाहीये.

काही वस्तूंना चित्रच नाही, मग लोक शेजारचं उसनं आणतात, आणि तिथे विग्रह फसतो. मोदक नाही म्हणून वाफवलेल्या चिनी डंपलिंगचं 🥟 येतं. काजू नाही म्हणून भुईमूग 🥜 येतो. एप्रिलमध्ये "घरचा 🥜🥃 आलाय, कोणाला हवा?" असं आलं तर कोणी शेंगदाणे मागायला जाऊ नये. तो उराक आहे, काजूच्या बोंडांची दारू.

थोडं विषयांतर: चेहरे असे विचित्र का?

😪 या चेहऱ्याच्या नाकाशी थेंब का आहे? बरेच लोक तो दुःखाला वापरतात. तो अश्रू नव्हे, नाकातला फुगा आहे. जपानी चित्रकथांमध्ये गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकातून असा फुगा काढतात. 😤 याच्या नाकातून वाफ निघते, म्हणून आपण तो रागाला वापरतो. युनिकोडने त्याला मुळात दिलेलं नाव मात्र विजयी मुद्रेचं होतं.

ही चित्रं जन्मली जपानमध्ये. "ए" म्हणजे चित्र आणि "मोजी" म्हणजे अक्षर, "इमोशन"शी त्याचा संबंध नाही. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीच्या आय-मोड सेवेसाठी १७६ चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांत बसवलेलं. त्याआधी १९९७ मध्येही जपानमधल्या एका फोनवर ९० चित्रं आली होती. २०१० साली युनिकोडने इमोजींना जागा दिली आणि ती जगभरच्या फोनवर पसरली. कुरितांचा तो संच २०१६ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. म्हणून अर्थ अडला की एकदा जपानी चित्रकथा आठवून बघावी. आपली पणती 🪔, साडी 🥻, देऊळ 🛕 आणि रिक्षा 🛺 या रांगेत २०१९ ला येऊन बसल्या.

पायरी चौथी: तोंड कुठे आहे ते बघा

हे कोणी सांगत नाही, पण फार उपयोगी आहे. बहुतेक फोनांवर धावणारा माणूस, गाडी, रिक्षा, सगळ्यांची तोंडं डावीकडे असतात. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे "🏠🚗" हे मी घरातून निघाले म्हणून लिहिते, आणि बघणाऱ्याला गाडी घरात शिरताना दिसते. पळून जाणारा दाखवायचा तर धूळ उजवीकडे हवी: 🏃💨. उलट लावलीत तर तो धुळीत तोंड घालतो. उजवीकडे तोंड असलेले चालणारे-धावणारे २०२३ च्या संचात आले, पण जुन्या फोनवर त्यांच्या जागी माणूस आणि शेजारी वेगळा बाण दिसतो. सहलीची वेळ कळवताना चित्रांवर विसंबू नका. "फोंड्याहून सात वाजता" असं लिहा.

पिस्तुलाचीही हीच कथा, त्याचं टोक डावीकडे. शिवाय ते २०१६ मध्ये ॲपलने पाण्याची पिचकारी करून टाकलं, २०१८ पर्यंत बाकीच्या बड्या कंपन्यांनीही केलं, आणि एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) २०२४ मध्ये पुन्हा खरं पिस्तूल आणलं. तुम्ही शिमग्याच्या रंगात 🔫💦 पाठवलं तर समोर काय दिसेल, ते त्याच्या पडद्यावर अवलंबून आहे.

पायरी पाचवी: चित्रांमधला अदृश्य डिंक

कधी कुटुंबाचा एकसंध फोटो 👨‍👩‍👧 पाठवावा आणि समोर तीन सुटी डोकी दिसावीत, असं का होतं? ती मुळात तीन चित्रंच आहेत. त्यांच्यामध्ये एक न दिसणारं अक्षर असतं, झीरो विड्थ जॉइनर. फोन नवा असला तर तो तिघांना चिकटवून एक चित्र दाखवतो, जुना असला तर तिघं वेगळी. पेटलेलं हृदय ❤️‍🔥 असंच, आत हृदय आणि ज्वाळा.

मराठीच्या शिक्षिकेला यात विशेष आनंद झाला, कारण हेच अदृश्य अक्षर आपण वर्षानुवर्षं वापरतोय. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. "दऱ्या"मधला तो चंद्रकोरीसारखा र काही कीबोर्डांवर याच अक्षराने उमटतो. म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्यांना आणि इमोजीतल्या संसाराला एकच डिंक.

झेंड्यांचंही असंच. 🇮🇳 हे "आय" आणि "एन" अशा दोन खास अक्षरांचं जोडाक्षर आहे. विंडोजच्या संगणकावर बऱ्याचदा झेंड्याऐवजी ती दोन अक्षरंच दिसतात. कोणाच्या प्रोफाइलला 🇮🇳🇵🇹, भारत आणि पोर्तुगाल, असं दिसलं तर गोव्यात फारसं समजावून सांगावं लागत नाही. आणि जिथे चित्राऐवजी रिकामा चौकोन दिसतो तिथे अर्थ लावत बसू नये. तुमच्या फोनला ते चित्र ठाऊकच नाही, समोरच्याला सरळ विचारा. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये दोन इमोजी एकत्र करून तिसरं मजेशीर चित्र मिळतं, ते मात्र स्टिकर म्हणून जातं. ते समासात धरू नका.

पायरी सहावी: आता पाठवण्याकडे

वाचणं जमलं की पाठवणं सोपं, असं मला वाटायचं. मग आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ गृहस्थांनी निधनाच्या बातमीखाली 😂😂 टाकलं. त्यांना बिचाऱ्यांना डोळ्यांतलं पाणी दिसलं, हसणारं तोंड दिसलं नाही. दिवसभर कोणी काही बोललं नाही, हेच जास्त वाईट. घरातल्या मोठ्या माणसांना फोन देताना एवढं एकदा दाखवा: पाणी दोन्ही बाजूंना उडतंय आणि दात दिसताहेत तर हसू, 😢 एकच थेंब आणि ओठ खाली तर दुःख, 😭 धबधबा म्हणजे संशयास्पद. शोकाच्या वेळी चेहरा नकोच. "भावपूर्ण श्रद्धांजली 🙏" पुरे आहे.

💐 हा गुच्छ तर आपल्या ग्रुपांचा खास पेच. तोच वाढदिवसाला, तोच श्रद्धांजलीला. एकाच सकाळी ग्रुपवर कोणाचा तरी वाढदिवस आणि कोणाची तरी अंत्ययात्रा आली की खाली आलेल्या बारा गुच्छांपैकी कुठला कोणाचा, हे देवालाच ठाऊक. म्हणून दोन सवयी लावा. नुसता गुच्छ पाठवू नका, एक शब्द जोडा. आणि ज्या निरोपाला उत्तर देताय तो बोटाने सरकवून त्यालाच उत्तर द्या, किंवा त्यावर बोट दाबून धरून प्रतिक्रिया द्या. ही प्रतिक्रियेची सोय व्हॉट्सॲपवर २०२२ पासून आहे.

पैशाच्या व्यवहारात अंगठा जपून. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात एका शेतकऱ्याला धान्य-व्यापाऱ्याने अळशीच्या खरेदीच्या कराराचा फोटो पाठवला आणि खात्री द्यायला सांगितलं. शेतकऱ्याने 👍 पाठवला. माल मात्र दिला नाही. तो म्हणाला, अंगठा म्हणजे "करार मिळाला" एवढंच. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो अंगठा सही मानला आणि त्याला ८२,००० कॅनेडियन डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. तो कायदा आपल्याकडचा नव्हे, पण धडा इथेही लागू आहे. भाड्याच्या खोलीचा, गाडीचा किंवा अगदी नारळ काढणाऱ्या पाडेल्याशी माडांचा दर ठरवताना मी आता "पाहिलं, संध्याकाळी कळवते" असं लिहिते. पटलं तर पटलं असं शब्दांत.

ओळीने वीस फुलं लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ज्यांना दिसत नाही ते फोनकडून निरोप वाचून घेतात आणि फोन प्रत्येक चित्राचं नाव उच्चारतो. वीस फुलं म्हणजे वीस वेळा तेच नाव, आणि मग कुठे सत्यनारायणाच्या पूजेची वेळ. चित्रं शेवटी लावा, तीनपेक्षा जास्त नकोत, आणि शब्दांच्या मधोमध तर नकोतच.

पालकांसाठी, थोडं स्पष्ट

काही जोड्या निरागस दिसतात पण नसतात. 🍆, 🍑 आणि 💦 यांना समाजमाध्यमांवर अश्लील अर्थ चिकटले आहेत, 👉👌 ला तर नक्कीच. "इथे बघा, मस्त आहे" म्हणून कोणी सज्जन काकू ती बोटं पाठवतात तेव्हा ग्रुपमधली तरुण मंडळी फोन उलटा ठेवतात. भाजी विकणाऱ्या एका गटाला मी स्वतः सांगितलं, की आगशीची वांगी ताजी आहेत, पाणी मारलेली आहेत, हे अक्षरांत लिहा. चित्रांत नको.

नशेच्या पदार्थांसाठीही खुणा आहेत. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने २०२१ मध्ये अशा इमोजींचा एक तक्ताच काढला: ❄️ कोकेनसाठी, 🍄 नशेच्या अळंब्यांसाठी, 🔌 विकणाऱ्यासाठी, वगैरे. पण त्याच तक्त्यात हेही आहे, की नुसतं चित्र म्हणजे पुरावा नव्हे. वागण्यातला बदल, उत्पन्नातली मोठी घट किंवा वाढ, अशा गोष्टींबरोबर ते बघायचं. पावसाळ्यात गोव्यातल्या निम्म्या फोनांत 🍄 असतंच. आळंबी, आणि तिचे गगनाला भिडलेले दर. त्यामुळे मुलाच्या फोनात अळंबं सापडलं म्हणून आकांडतांडव करू नका. आधी विचारा, कितीला मिळाली.

पायरी सातवी: शोधा, नाहीतर विचारा

अनोळखी जोडी आली तर ती कॉपी करून इमोजीपीडिया या संकेतस्थळावर शोधा. एकेका चित्राचं नाव, वेगवेगळ्या फोनांवरचं रूप आणि प्रचलित वापर तिथे मिळतो. जोडीचा अर्थ मात्र तिथे मिळेलच असं नाही, कारण तो पाठवणारा आणि घेणारा यांच्यात ठरलेला असतो. नवरा-बायकोत 🥥 म्हणजे काय, हे तिसऱ्याने शोधू नये.

विचारताना लाज नको, पण चारचौघांत विचारू नका. खाजगीत लिहा: "हे हसलीस की रागावलीस?" एवढा प्रश्न पुरतो. भाचीला मी हे इतक्यांदा विचारलं की आता तीच कवटीपुढे "हसले" असं लिहिते, मामीसाठी.

मामाही शिकले, म्हणजे जरा जास्तच शिकले. जुलैमध्ये एका सकाळी त्यांनी मला नुसतं 🚫🐟🥥🥥❓ पाठवलं. मी विग्रहाला बसले. मासे नकोत? श्रावण तर अजून लागला नव्हता. मासेमारीची बंदी? ती १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असतेच, पण मग नारळ कशाला? फोन केला. मामा म्हणाले, "अगो, बाजारात मासळी नाही, तू शाकाहारीच करणार ना? मग घरचे नारळ पाठवू काय?" मी अंगठा द्यायला बोट टेकवलं, ते सास्काचेवानचे ८२,००० डॉलर आठवले, आणि लिहिलं, "होय मामा, चार पाठवा. सोललेले."